मूग, मटकी आणि पाडव्याचा खण

पुंगोलच्या कम्युनिटी क्लबमध्ये उंच आलेलं एक साधं शटल परतवायला शैला दाबके मागं धावली आणि घोट्यातून अशी दुमडली की 'कट्' असा आवाज शेजारच्या कोर्टवरसुद्धा ऐकू गेला. दोन हजार सोळा सालचा फेब्रुवारी होता. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, तिच्या शिपिंग कंपनीनं लॅपटॉप घरी नेऊ दिला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलायचं नाही अशी शिक्षा तिला झाली. शैलाला ती शिक्षाच होती. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ती सलग तासभर एका जागी बसली असेल तर ती फक्त विमानात.

घरात वारा यायचा तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून, म्हणून टेबल तिथे सरकवलं गेलं. बाराव्या मजल्यावरची ती खिडकी. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे रिकामा प्लॉट, प्लॉटवर अल्बिझियाचं एक अवाढव्य झाड, आणि त्यामागे खाडीचं पाणी. पाण्यापलीकडे मलेशिया. झाडाच्या शेंड्यापाशी काटक्यांचा भला मोठा ढीग होता. पाच वर्षं त्या घरात राहून शैलानं तो कधी पाहिला नव्हता. खिडकीत ती यायची ती कपडे वाळत घालायला, आणि तेव्हा तिचं लक्ष चिमट्यांकडे असायचं.

तिसऱ्या दिवशी त्या ढिगात काहीतरी हललं.

तिनं मुलीची दुर्बीण मागवली. अदिती सतरा वर्षांची, ज्युनियर कॉलेजात. दुर्बीण कुठल्याशा शाळेच्या कॅम्पला एकदा वापरून कपाटात टाकलेली होती. "आई, इट्स ओन्ली अ बर्ड, लाह," असं म्हणत तिनं ती आणून दिली. पण शैलाला दिसले ते दोन पक्षी होते. मळकट पांढऱ्या लवेचे दोन गोळे, त्यातून नुकतं कुठे काहीतरी तपकिरी फुटत होतं.

"अगदी मोड आल्यासारखे दिसतायत," ती म्हणाली, आणि जेवायच्या आधी त्यांची नावं ठेवून मोकळी झाली. जरा धीट होता तो मूग, आणि कडेला बसून राहायची ती मटकी.

तिचा नवरा प्रताप एका बँकेत अंतर्गत लेखापरीक्षक होता. आनंदसुद्धा तो आधी तपासायचा आणि मगच मंजूर करायचा. संध्याकाळी त्यानं दुर्बिणीतून पाहिलं, काचा पुसल्या, पुन्हा पाहिलं. तेवढ्यात पांढऱ्या पोटाचा, राखाडी पंखांचा भलाथोरला पक्षी पायात मासा घेऊन घरट्यावर उतरला.

"काकण आहे," प्रताप म्हणाला. "समुद्रगरुड. हर्णैला आमच्या बंदरावर असायचे. होड्या आल्या की डोक्यावर फिरायचे." मग दुर्बीण खाली ठेवून तो म्हणाला, "भात झाला का?"

त्याच्याकडून एवढंच. पण शेजारच्या घरातल्या मिसेस को मात्र दुसऱ्याच दिवशी हजर झाल्या. पासष्ट-सत्तरीच्या, निवृत्त परिचारिका, डोक्यावर कायम उन्हाची टोपी. पाच वर्षं दोघींचं बोलणं लिफ्टमधल्या "जेवण झालं?"च्या पुढे कधी गेलं नव्हतं. कॉरिडॉरमधून त्यांना शैलाच्या हातात दुर्बीण दिसली आणि त्या थेट आत आल्या.

"तू पण बघतेस? अय्यो, आधी सांगायचं नाही का!" त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा होता, तो घेऊन त्या रोज पहाटे खाली प्लॉटच्या कुंपणाशी उभ्या राहायच्या. तिथे असे पंधरावीस जण जमायचे. कोणी ऑफिसला जायच्या आधी, कोणी निवृत्त, सगळ्यांच्या गळ्यात तोफा. "मोठी आहे ना, ती मुलगी," मिसेस कोंनी शैलाला सांगितलं. "यांच्यात बायका मोठ्या असतात. गुड, हॉर?"

मटकी खरंच आकारानं मोठी होती. फक्त तिला ते माहीत नव्हतं.

मार्चच्या मध्यावर मूग उडाला. एका सकाळी वाऱ्यावर पंख पसरून उड्या मारता मारता त्याचे पाय घरट्यापासून सुटले ते सुटलेच. त्यालाही ते जरा उशिरा कळलं असावं, कारण त्यानं मान वळवून घरट्याकडे पाहिलं. मटकी त्यानंतर बरेच दिवस काठावर बसून ओरडत राहिली आणि शेवटी एका दुपारी उडाली ती सरळ बहुमजली कार पार्कच्या छतावर जाऊन आपटली. दोन गाड्यांच्या मधे ती पंख अर्धवट उघडे टाकून बसली होती. एक गृहस्थ आपल्या गाडीपर्यंत जाऊ शकेनात, म्हणून त्यांनी छत्री उघडून स्वतःपुढे धरली होती. संध्याकाळी ती कशीबशी उडून घरट्यात परत आली, तेव्हा खालच्या कुंपणापाशी टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या बाराव्या मजल्यावर ऐकू आल्या.

"चला," प्रताप म्हणाला. "दोघं उडाले. संपलं. आता खिडकी लाव, डास येतात."

"संपलं?" शैला म्हणाली. "अरे, आता तर सुरू झालं!"

आणि खरोखर तसंच झालं. उडायला येतं म्हणजे सगळं येतं असं मुळीच नव्हतं. दोघं दिवसभर हुंदडायचे आणि भूक लागली की घरट्यात येऊन बदकासारखं आँक-आँक करत बसायचे. मूग उतरायचा तो नेहमी हवी ती फांदी सोडून पुढे. एकदा तर पकडलेली फांदी इतकी बारीक निघाली की तो गिरकी घेऊन खाली डोकं वर पाय असा वटवाघळासारखा लटकला, आणि त्या अवस्थेतही इकडे तिकडे अशा रुबाबात पाहत राहिला, जणू त्याच्या मनात तेच होतं. मटकी हिरवी डहाळी तोडायची, उंच न्यायची, सोडून द्यायची आणि तिच्यामागे सूर मारायची. डहाळी दर वेळी निसटायची. वडील मासा घेऊन आले की मूग त्यावर पंख पसरून तंबू करायचा आणि मटकी तंबूभोवती थयथयाट करायची. आई मात्र हुशार होती. ती मासा घेऊन रस्त्याच्या दिव्यावर बसायची. हवा असेल तर या.

शैला हिशेब करता करता हे बघायची, किंवा खरं तर हे बघता बघता हिशेब करायची. एका दुपारी हॅम्बर्गच्या ऑफिसबरोबर मीटिंग चालू होती. कंटेनरच्या भाड्याचा विषय निघाला असताना मटकीनं डहाळी सोडली, सूर मारला, आणि डहाळी तिच्या पंजाच्या टोकाला लागली.

"पकड! पकड, मटके, पकड गं!" शैला किंचाळली. आपला माईक चालू आहे हे तिला पलीकडच्या शांततेवरून कळलं.

"शैला," हॅम्बर्गचा साहेब सावकाश म्हणाला, "आम्ही नेमकं काय करायचं आहे?"

तिनं खरं ते सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात मीटिंगची सुरुवातच मटकीच्या चौकशीनं झाली.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी पाडवा आला. प्रतापनं अर्धी रजा टाकली होती. सण म्हटलं की तो काटेकोर. कडुनिंब लिटल इंडियातून आदल्या संध्याकाळीच आणलेला, गाठी त्याच्या बहिणीनं मुंबईहून कुणाबरोबर तरी पाठवलेली. कपडे वाळत घालायच्या बांबूसाठी खिडकीबाहेर खोबण होती, गुढी दर वर्षी तिच्यातच उभी राहायची. साडी वाऱ्यावर खालच्या मजल्याच्या खिडकीत जाते, म्हणून खण. यंदाचा खण हिरवागार, लाल काठाचा, कोरा. तांब्या मात्र प्रताप तारेनं तीनदा आवळून बांधायचा आणि मग ओढून बघायचा. इथे वरून साधी चप्पल पडली तरी पोलीस दारात येतात, हे तो पाहुण्यांना दर वर्षी सांगायचा.

नुकतं उजाडलं होतं. प्रताप रेशमी पीतांबर नेसून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन खिडकीशी उभा होता. शैला कुबड्या बाजूला ठेवून एका पायावर, खिडकीच्या कठड्याला रेलून. अदिती कॉलेजची पिशवी पाठीला लावून, फोनवर चित्रण करत होती, कारण मुंबईला आत्याला पाठवायचं होतं. मिसेस को प्रसादाला म्हणून आल्या होत्या. गुढी बाहेर गेली, खण वाऱ्यावर फुगला, तांब्यावर पहिलं ऊन पडलं. प्रतापनं हात जोडले.

आणि अदितीच्या तोंडून निघालं, "आई. मटकी."

अल्बिझियावरून ती सरळ येत होती. मोठी होत होती. आणखी मोठी. खिडकीतून जेव्हा कुणी येताना दिसतं तेव्हा ते वळेल असं माणसाला वाटतं, आणि मटकी वळली नाही. क्षणभर सगळी खिडकी तपकिरी पंखांनी भरून गेली. वाऱ्याचा एक झपकारा आत आला, निरांजन विझलं, ताटातल्या अक्षता प्रतापच्या केसांत गेल्या. मटकीनं दोन्ही पंजांनी गुढीचा खण धरला होता आणि पंख बडवत ती तो ओढत होती. बांबू वाकला, करकरला.

"तांब्या!" शैला ओरडली.

"तांब्या जात नाही!" प्रताप दोन्ही हातांनी बांबूला लटकत ओरडला. "तांब्या मी बांधलाय!"

तांब्या खरंच हलला नाही. खण मात्र फर्रकन सुटला. कडुनिंबाच्या डहाळीसकट, झेंडूच्या माळेसकट आणि गाठीसकट मटकी खिडकीपासून खाली पडल्यासारखी गेली, सावरली, आणि हिरव्या खणाची लांब शेपटी फडकवत प्लॉटवरून निघाली. मूग कुठूनसा उगवला आणि ती शेपटी पकडायला मागे लागला. आईवडील दोघं झाडावरून उठून आभाळात ओरडायला लागले. खालून कुंपणाजवळून असा काही आरडाओरडा झाला की समोरच्या ब्लॉकच्या खिडक्या उघडल्या. मटकीनं त्या सगळ्यांच्या डोक्यावरून एक पूर्ण फेरी मारली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काहीतरी पकडलं होतं आणि ते सुटलं नव्हतं. मग ती घरट्यात उतरली, आणि काटक्यांवर लाल काठाचा हिरवा खण पसरला.

प्रताप बांबू धरून उभा होता. त्याच्या केसांत अक्षता होत्या, उपरणं खिडकीच्या कडीला अडकलं होतं. मग त्याच्या तोंडातून एक बारीक आवाज आला. शैलाला आधी वाटलं त्याला काहीतरी झालं. तो हसत होता. खुर्ची धरून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत होता, आणि लग्नाला एकोणीस वर्षं होऊन गेलेल्या शैलानं त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, गुढी नेली!" तो म्हणाला. "आमची गुढी तिनं तिच्या घरावर लावली!" आणि दार उघडून तो तसाच पळत सुटला.

"बाबा, शर्ट!" अदिती ओरडली. लिफ्टचं दार बंद झालं होतं.

मिसेस को कॅमेरा घ्यायला धावल्या. शैलानं कुबड्या उचलल्या. खाली पोचेपर्यंत तिचं हसू मात्र मावळलं होतं, कारण लिफ्टमध्ये तिला एकदम सुचलं होतं: ती दोरी. खण बांबूला बांधायला तिनंच नायलॉनची दोरी वापरली होती. पंजात अडकली तर?

कुंपणापाशी पीतांबर नेसलेला प्रताप पंधरावीस कॅमेरेवाल्यांच्या मधोमध उभा राहून कुणाच्या तरी तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावून होता. "पाय दिसतोय का तिचा?" शैलानं विचारलं.

"एक दिसतोय. दुसरा खणाखाली आहे. ओढतेय ती." त्याचं हसू थांबलं होतं. "दोरी आहे ना तिथे?"

"आहे."

मटकी पाय झटकायची, खण तिच्याबरोबर उठायचा आणि पडायचा. एकदा तिनं उडायला पंख उघडले आणि खण काटक्यांत अडकून ती मागे ओढली गेली. कुणीतरी प्राण्यांची सुटका करणाऱ्या संस्थेला फोन लावला. ते म्हणाले, माणसं पाठवतो, पण एवढ्या उंच झाडावर चढता येणार नाही, आधी वाट बघा. शैला कुबड्यांवर उभी राहून तोंडातल्या तोंडात म्हणत होती, "शांत हो बाई, ओढू नकोस, चोचीनं काढ." तिचा दुखरा पाय ठणकत होता. प्रतापनं तिच्या पाठीमागे हात धरला, तिला रेलता यावं म्हणून.

ऊन चढलं. वडील काकण खाडीवरून मासा घेऊन आले आणि घरट्यात ठेवून निघून गेले. मूग तंबू करायला झेपावला. आणि मटकीनं, इतके दिवस जिनं कधी भावापुढे चोच उघडली नव्हती त्या मटकीनं, दोन्ही पंख उगारून त्याच्यावर अशी काही झेप घेतली की मूग घरट्याच्या काठावरून मागच्या मागे पडला आणि फांद्यांमधून धडपडत खाली गेला. झेप घेताना तिचे दोन्ही पाय हवेत होते. दोन्ही पिवळे, दोन्ही मोकळे.

"सुटली!" प्रताप ओरडला. "दोन्ही पाय! दोन्ही!"

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. एका चिनी आजोबांनी प्रतापला मिठी मारली आणि झेंडूची एक पाकळी त्यांच्या टोपीला चिकटली. मिसेस को रडत होत्या आणि आपण रडत नाही असं सगळ्यांना सांगत होत्या. वर मटकी खणावर मासा ठेवून जेवत होती, अगदी चौरंगावर पान मांडल्यासारखी, आणि मूग खालच्या फांदीवरून आँक-आँक करत होता. संस्थेची दोन माणसं आली, त्यांनीही दुर्बिणीतून पाहिलं, आणि घरट्याला हात न लावलेलाच बरा, आम्ही लक्ष ठेवतो, असं सांगितलं. मग त्यातल्या एकानं प्रतापकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "सर, हे तुमच्या सणाचं आहे का? गरुडाला कापड देणं?"

"या वर्षीपासून," प्रताप म्हणाला.

त्यानं ऑफिसला फोन करून उरलेली अर्धी रजाही घेतली. वर जाऊन शर्ट घातला आणि श्रीखंडाचं सबंध पातेलं, पुऱ्यांचा डबा आणि कागदी वाट्या घेऊन तो खाली आला. अदितीचं कॉलेज बुडालं होतं. त्यावर चकार शब्द न काढता त्यानं तिच्या हातात वाढायचा डाव दिला. उन्हात, कुंपणाला टेकून सगळ्यांनी खाल्लं. गर्दीतल्या एका तरुणानं श्रीखंड पुरीवर आइस्क्रीमसारखं फासून दोन घडीत चार पुऱ्या संपवल्या. कडुनिंबाची चटणी मात्र फक्त मिसेस कोंनी मागून घेतली आणि तोंड वाकडं न करता संपवली. "नर्स होते मी," त्या म्हणाल्या. "याच्यापेक्षा वाईट गोष्टी लोकांना पाजल्यात."

दोन रात्रींनंतर वादळी पाऊस आला आणि सकाळी खण प्लॉटवरच्या गवतात पडलेला सापडला. प्रताप स्वतः जाऊन दोरीचे सगळे तुकडे वेचून आला.

तेव्हापासून तो बिघडलाच. पहाटे साडेपाचला उठून चहा करायचा, शैलाला उठवायचा. तिचं प्लास्टर निघून पायाला आधाराचा काळा बूट आला होता, त्यामुळे दोघं लंगडत, म्हणजे ती लंगडत आणि तो तिच्या चालीनं, पुंगोलच्या जेट्टीपर्यंत जाऊ लागली. दोन्ही पिल्लं आता तिथे पाण्यावर यायला लागली होती. मुगाला मासेमारी लवकर जमली. मटकी मात्र सूर मारायची आणि पाण्याला पाय लागला की दचकून वर यायची. एकदा ती खूप आत्मविश्वासानं खाली गेली, पाणी उडालं, आणि वर आली तेव्हा तिच्या पंजात एक निळी रबरी चप्पल होती. ती चप्पल घेऊन ती जेट्टीवरून अशी मिरवत गेली की प्रताप कठड्यावर डोकं टेकवून हसत राहिला आणि शैलाला खाली बसावं लागलं.

आणि मग मे महिन्याच्या एका सकाळी, ढग खाली आले होते, पाणी शिशासारखं सपाट होतं, तेव्हा मटकी जेट्टीच्या अगदी समोरून आली. पंख मिटले. पाय पुढे. पाण्याला एक चीर गेली, ती दचकली नाही, आणि वर आली तेव्हा पंजात चांदीसारखं काहीतरी वळवळत होतं. मूग मागे लागला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरट्याकडेही ती गेली नाही. खाडीतल्या एका जुन्या खांबावर उतरली आणि माशावर पंख पसरून, बघणाऱ्या कुणालाही विचारात न घेता, खायला लागली.

जेट्टीवर त्या वेळी बाराचौदा माणसं आणि तेवढेच कॅमेरे होते. सगळी माणसं उड्या मारत होती. शैला बुटासकट उड्या मारत होती, प्रताप तिला धरून उड्या मारत होता. बऱ्याच वेळानं श्वास घेऊन त्यानं मिसेस कोंना विचारलं, "आंटी, फोटो कसा आलाय?"

मिसेस कोंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग शेजारच्याकडे. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याकडे.

"तू घेतला ना?" मिसेस कोंनी विचारलं.

मटकीच्या पहिल्या माशाचा फोटो कुणाकडेच नाही.